एक इंची फॉर्मर, २५ मिमीचा पाइप आणि आतल्या बाजूची घडी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाहेरून २५ मिमी व्यासाचा, १.२ मिमी जाडीचा एमएसचा (माइल्ड स्टीलचा, म्हणजे साध्या पोलादाचा) गोल पाइप ट्रॉलीच्या हँडलसाठी काटकोनात वाकवायचा आहे. हायड्रॉलिक बेंडरला एक इंची फॉर्मर (ज्याच्या खाचेत पाइप बसवून वाकवतात तो साचा) लावून पाहिला तर आतल्या बाजूला घडी पडली. मग वाळू भरून पाहिलं, तरी पिचकलाच. मशीन विकत न घेता हे जमेल का, आणि तांब्याच्या नळीलाही हीच पद्धत चालेल का?

जमेल. पण आधी त्या एक इंची फॉर्मरबद्दल बोलू, कारण अर्धा घोटाळा तिथेच झालाय. हायड्रॉलिक बेंडरचे फॉर्मर पाण्याच्या पाइपसाठी केलेले असतात, आणि पाण्याच्या पाइपची ‘इंची’ हे नुसतं नाव असतं, माप नसतं. एक इंची पाण्याचा पाइप बाहेरून ३३.७ मिमी भरतो. पाऊण इंची २६.९, अर्धा इंची २१.३. तुमचा फर्निचरचा पाइप मात्र खराखुरा बाहेरून २५ मिमी आहे. म्हणजे ३३.७ च्या खाचेत तुम्ही २५ चा पाइप बसवलात. दोन्ही बाजूंना मिळून जवळजवळ नऊ मिलिमीटर मोकळी जागा राहिली. रॅमने, म्हणजे मशीनच्या ढकलणाऱ्या दांड्याने, दाबल्यावर पाइपने ती जागा भरून काढली, म्हणजेच तो चपटा झाला. चपटा झाल्यावर घडी पडायला वेळ लागत नाही. पाऊण इंची फॉर्मर लावला असता तर परिस्थिती बरी असती, तरी धड नसती. त्या मशीनवर पाइप मधोमध ढकलला जातो आणि दोन टोकांना नुसते रोलर असतात. मधल्या भागात पाइपची बाहेरची बाजू पूर्ण मोकळी राहते. तीन मिमी आणि त्याहून जाड भिंतीचा पाण्याचा पाइप हे सोसतो, १.२ चा सोसत नाही. मशीनचा दोष नाही, ते या कामाचं नाही.

आता घडी का पडते ते पाहू, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. समजा तुम्ही २५ चा पाइप ७५ मिमी रेडियसने काटकोनात वाकवताय. रेडियस पाइपच्या मध्यरेषेवर मोजायचा. मध्यरेषेवरची लांबी होते ११८ मिमी. बाहेरच्या कडेला त्याच वाकाची लांबी लागते १३७ मिमी आणि आतल्या कडेला उरते फक्त ९८. वाकण्याआधी तिन्ही ठिकाणी ११८ च होते. म्हणजे बाहेरच्या भिंतीला एकोणीस-वीस मिमी ताणायचंय आणि आतल्या भिंतीला तेवढंच गोळा व्हायचंय. बाहेरची भिंत ताणली की पातळ होते, आणि ताण वाचवायला ती मध्याकडे सरकू पाहते. आतली भिंत गोळा होताना तीही मध्याकडे ढकलली जाते. दोघी जवळ आल्या की पाइप अंडाकृती होतो, आणि अंडाकृती पाइप गोल पाइपपेक्षा सहज वाकतो. त्यामुळे पुढचा सगळा वाक त्याच एका जागी गोळा होतो. पातळ नळ्यांच्या या वागण्याचं गणित ब्रेझियर नावाच्या संशोधकाने १९२७ मध्ये मांडलं. पण हाताला ते गणिताशिवाय कळतं. ओढताना जोर सारखा वाढत जातो, आणि एका क्षणी पाइप अचानक ‘हलका’ लागतो. तो हलकेपणा जाणवला की समजा, घडी पडलीच आहे. तिथून पुढे ओढाल तितकी ती खोल जाईल.

म्हणून माझं सगळं लक्ष गोलाई टिकवण्यावर असतं. जोर किती लावायचा हा नंतरचा प्रश्न आहे. गोलाई टिकवायला तीन गोष्टी हाताशी असतात: पुरेसा मोठा रेडियस, बाहेरून घट्ट आधार आणि आतून भराव. रेडियस लहान करायचा तर बाकीच्या दोन तितक्याच पक्क्या हव्यात. तिन्हींवर तडजोड केलीत तर पाइप ऐकणार नाही.

रेडियसपासून सुरुवात करा. बाहेरच्या भिंतीवर किती ताण येणार हे काढणं सोपं आहे: पाइपच्या व्यासाचा निम्मा भागिले रेडियस. व्यासाच्या दुप्पट रेडियस घेतला तर २५ टक्के ताण, तिप्पट घेतला तर १६-१७ टक्के, चौपट घेतला तर साडेबारा टक्के. तुमच्या पाइपचा व्यास जाडीच्या एकवीस पट आहे, म्हणजे तो पातळच म्हणायचा. अशा पाइपला मँड्रेल (वाकवताना आतून आधार देणारा दांडा) नसताना मी व्यासाच्या चौपटीखाली जात नाही. तुमच्यासाठी चौपट म्हणजे १०० मिमी. ट्रॉलीच्या हँडलला १०० चा वाक दिसायलाही बरा दिसतो, हात आखडत नाही. ५० मिमीचा वाक हवाच असेल तर १.२ ऐवजी २ मिमी जाडीचा पाइप घ्या, नाहीतर मँड्रेल बेंडिंग करणाऱ्याकडे द्या, किंवा तयार बेंड आणून वेल्ड करा. शेवटचा मार्ग सांगताना अनेकांना कमीपणा वाटतो, मला वाटत नाही. नीट घासून घेतलेला वेल्ड पिचकलेल्या वाकापेक्षा कधीही मजबूत.

आता बाहेरचा आधार, म्हणजे फॉर्मर. तुम्ही घरी करू शकता. जाड प्लायवूडची किंवा टणक लाकडाची २०० मिमी व्यासाची चकती घ्या. तिच्या कडेला गोल तळाची खाच करा, साडेबारा मिमी खोल, म्हणजे खाचेच्या तळाशी रेडियस साडेसत्याऐंशी राहतो आणि पाइपची मध्यरेषा बरोबर १०० वर बसते. खाच गोल करायला मी एक युक्ती वापरतो. वाकवायच्या पाइपपेक्षा किंचित बारीक पाइपचा तुकडा घ्यायचा, त्याला पॉलिश पेपर गुंडाळायचा आणि खाचेत पुढेमागे घासायचा. पेपरची जाडी धरून तो बरोबर २५ चा होईल असा तुकडा निवडा. शेवटी खरा पाइप खाचेत ठेवून पाहा. हाताने दाबल्यावर बसला पाहिजे, पण बाजूला डुलता कामा नये. नख जाईल इतकी फट दिसली तरी पुन्हा घासा. व्ही आकाराची खाच करून भागेल असं वाटतं, भागत नाही. तिथे पाइप दोनच रेषांवर टेकतो आणि तिथेच चेपतो.

चकती टेबलावर पक्की बोल्ट करा. पाइपचं एक टोक वाक सुरू होतो त्या जागेच्या अगदी मागे घट्ट पकडा, लोखंडी पट्टीच्या हुकात किंवा लाकडी ठोकळ्यात. मग दुसऱ्या टोकाने ओढत पाइप चकतीभोवती गुंडाळत न्या. ओढणाऱ्या बाजूला पाइपच्या बाहेरून दाबणारा एक ठोकळा हवा, त्यालाही गोल खाच, आणि तो वाकाच्या सुरुवातीच्या जागेला चिकटून पुढे सरकत राहिला पाहिजे. कारखान्यातला रोटरी ड्रॉ बेंडर हेच करतो, फक्त त्याचे भाग पोलादी असतात. सरकणाऱ्या ठोकळ्याला ग्रीस लावा. चकतीची खाच मात्र कोरडी ठेवा, तिथे पाइप घसरायला नको. आणि पाइप हवेत वाकता कामा नये. वाक नेहमी चकतीला टेकलेल्या जागीच व्हायला हवा. हाताने ओढताना लांब पाइपचं पार टोक धरलं की मधला भाग हवेत वाकतो आणि चकतीपासून सुटतो. दहापैकी सात घड्या मी अशाच पाहिल्यात, चांगला फॉर्मर असूनही.

हे सगळं नीट असेल तर १०० मिमी रेडियसला तुमचा पाइप रिकामाही सहसा निभावतो. वाळू भरायची ती खात्रीसाठी. आणि वाळूवरून आठवलं, तुमची वाळू का फसली ते बघू.

तुमच्या पाइपच्या एक मीटर लांबीत साधारण ४०० मिलिलिटर वाळू मावते. ती ओतून काठोकाठ झाली की बहुतेक जण बूच मारतात आणि कामाला लागतात. त्या वेळी पाइप अजून भरलेलाच नसतो. तो उभा धरा आणि लाकडी हातोड्याने बाजूने ठोकत जा, खालून वर, पाइप फिरवत फिरवत. पाच मिनिटांत वाळू चार बोटं खाली बसलेली दिसेल. परत भरा, परत ठोका. आवाजाकडे लक्ष ठेवा. सैल वाळूचा पाइप ठोकल्यावर थोडा तरी खणखणतो, गच्च भरलेला नुसता ‘ठप’ करतो. संपूर्ण लांबीभर ‘ठप’ आला की मगच वरचं बूच. बूच लाकडी, निमुळतं, दोन इंच तरी आत जाणारं, हातोड्याने ठोकून बसवलेलं. कापडाचा बोळा किंवा चिकटपट्टी चालत नाही. वाळूला मागे सरकायला जागा मिळाली की ती आधार देणं सोडते. तुमच्याकडे बहुधा हेच झालं असावं, वर तो मोठा फॉर्मर होताच.

वाळू बारीक, चाळलेली आणि कोरडी. कोरडी म्हणजे हाताला कोरडी लागते तेवढी नाही. लोखंडी कढईत घालून, वाफ निघायची थांबेपर्यंत परतलेली. थंड वाकवताना दमट वाळू फक्त नीट बसत नाही. पण पाइप तापवून वाकवायचा असेल तर दमट वाळू जीवावर बेतू शकते. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे सोळाशे-सतराशे पट जागा मागतं, आणि तुम्ही दोन्ही टोकं बंद करून ठेवलेली असतात. सुरुवातीच्या काळात मी एकदा हाताला कोरडी वाटलेली वाळू भरून पाइप लाल करायला घेतला होता. लाकडी बूच बंदुकीच्या गोळीसारखं सुटलं आणि समोरच्या पत्र्याच्या कपाटाला खळगा पाडून गेलं. त्या बाजूला कोणी उभं नव्हतं, हे नशीब. तेव्हापासून गरम कामात एका बुचाला मी तीन मिमीचं आरपार भोक पाडतोच, आणि पाइपच्या टोकासमोर कोणाला उभं राहू देत नाही.

गरम करून वाकवणं तुमच्या कामाला लागणार नाही. पण लहान रेडियस किंवा जाड पाइप असेल तर लागतं, म्हणून थोडक्यात. साध्या एमएसला चेरीसारखा लाल रंग आला पाहिजे, साधारण ८०० अंश सेल्सिअस. वाकाची पूर्ण लांबी एकसारखी तापवायची, एकाच ठिकाणी ज्योत धरून ठेवायची नाही. जिथे जास्त लाल तिथेच तो आधी वाकतो आणि तिथेच पिचकतो. एखादी जागा पुढे पळतेय असं दिसलं तर ओल्या फडक्याने तेवढीच जागा जरा थंड करा, म्हणजे ती थबकते आणि शेजारचा भाग वाकू लागतो. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप मात्र तापवू नका. जस्त ४२० अंशांजवळ वितळतं आणि ९०० च्या आसपास उकळतं, लाल पाइपवरून त्याचा पांढरा धूर येतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येतं. वेल्डिंगवाल्यांना हा अनुभव चांगलाच ठाऊक असतो.

वाकवण्यापूर्वी पाइपची शिवण शोधा. तुमचा पाइप पट्टी गुंडाळून वेल्ड केलेला, म्हणजे ईआरडब्ल्यू असणार. बाहेरून ती रेष घासून टाकलेली असते, पण टोकाला टॉर्च लावून आत पाहिलंत तर उंचवटा दिसतो. ती रेष वाकाच्या बाहेरच्या कडेलाही नको, आतल्याही नको. बाजूला ठेवा, जिथे ताणही नाही आणि दाबही नाही. बाहेरच्या कडेला आली आणि वेल्ड कच्चा असला तर पाइप शिवणीवर उघडतो. खडूने टोकापासून टोकापर्यंत तिची खूण करून ठेवा, ओढताना पाइप फिरला तर लगेच कळतं.

खुणा करण्याचं गणित एकच: वाकाची लांबी = रेडियस × अंश × ०.०१७४५. १०० मिमी आणि ९० अंशांना १५७ मिमी. तेवढ्या अंतराच्या दोन खुणा करा, पहिली वाक सुरू होण्याच्या जागेवर. दोन्ही टोकांना हातभर पाइप जास्तीचा ठेवा, बूच आणि पकड त्यातच जाते, नंतर कापून टाका. हँडलला दोन वाक असतील तर दुसरा वाक काढताना दोन्ही एकाच पातळीत आहेत ना हे सपाट फरशीवर ठेवून तपासा. इथे फसलेलं हँडल फेकावंच लागतं. वाकवून सोडलं की पाइप थोडा परत उघडतो. एमएसला दोन-चार अंश धरून चाला. ९३-९४ पर्यंत न्या, सोडा, गुण्या लावून पाहा, कमी असेल तर आणखी थोडं. जास्त वाकलेला परत उघडायला गेलात तर पाइप बिघडतोच असं नाही, पण मी तो धोका पत्करत नाही.

आता तांबं. तांब्याला वाळू चालते, पण लागत नाही. गुंडाळी करून मिळणारी नळी आधीच नरम केलेली असते. सरळ लांबीत मिळणारी कडक असते, ती वाकवण्यापूर्वी नरम करून घ्यावी लागते. ज्योतीने मंद लाल होईपर्यंत तापवायची, सावलीत पाहायचा हा रंग, उन्हात कळत नाही. मग पाण्यात बुडवा किंवा तशीच ठेवा, तांब्याला दोन्ही सारखंच. पोलादाच्या सवयीने लोक घाबरतात की पाण्यात बुडवली तर कडक होईल. होत नाही, उलट वरची काळी पापडी सुटून येते. एकदा वाकवली की ती जागा पुन्हा कडक होते. म्हणून एकाच जागी दोनदा-तीनदा खेळ करायचा असेल तर मध्ये परत तापवा.

नरम तांब्यासाठी स्प्रिंग हे सगळ्यात सोयीचं हत्यार आहे, आत घालायची किंवा बाहेरून चढवायची. आतली स्प्रिंग घालताना टोकाच्या कडीला दोरी बांधा आणि स्प्रिंगला तेल लावा. मी दोरी न बांधता लांब नळीच्या मधोमध स्प्रिंग ढकलली होती आणि काटकोन झाल्यावर ती निघेना. शेवटी नळी कापली, स्प्रिंगही वाया गेली. अडकू नये म्हणून हव्या त्यापेक्षा चार-पाच अंश जास्त वाकवायचं आणि तेवढं परत आणायचं, त्याने स्प्रिंग सैल होते. मग तिचे वेढे आवळले जातील त्या दिशेने पिळत ओढायची. गुडघ्यावर वाकवणार असाल तर एकदम एका जागी दाब देऊ नका. थोडं वाकवलं की नळी बोटभर सरकवायची, परत थोडं. एअर कंडिशनरच्या बारीक नळ्यांना मात्र लहान लिव्हर बेंडर घ्या. त्यावर खाच नळीच्या मापाची असते आणि अंशांच्या खुणा असतात.

ॲल्युमिनियमबद्दल विचारलेलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच येतो. ते ६६० अंशांना वितळतं आणि त्याआधी लाल होऊन सूचना देत नाही. एका क्षणी पाइप असतो, दुसऱ्या क्षणी जमिनीवर थेंब. म्हणून त्यावर अंगाच्या साबणाची वडी घासा आणि मागच्या बाजूने तापवा. साबणाची रेघ तपकिरी-काळी पडली की थांबा, तेवढी उष्णता नरम करायला पुरते. टी६ प्रकारचा कडक पाइप थंडच वाकवायला घेतला तर घडी पडायच्या आधी बाहेरून तडकतो. नरम केल्यावर त्याची ताकद जाते, हेही लक्षात ठेवा. शिडी, सायकल, ज्यावर माणसाचा भार आहे अशा कामात हा खेळ करू नका. स्टेनलेसचा स्वभाव याच्या उलट. तो वाकताना झपाट्याने कडक होतो आणि एमएसपेक्षा जास्त परत उघडतो. एका दमात, न थांबता वाकवावा लागतो. तो तापवूही नये. साध्या ३०४ प्रकारच्या स्टेनलेसला ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात रेंगाळू दिलं की त्याचं गंज न धरण्याचं वैशिष्ट्य तिथे कमी होतं.

वाळूऐवजी लोक आत इतरही काय काय भरतात. पितळी वाद्यं करणारे राळ-डांबर ओततात किंवा साबणाचं पाणी भरून गोठवतात. ७० अंशांना वितळणारा एक मिश्रधातूही मिळतो, गरम पाण्यात धरला की वाहून जातो. उत्तम काम करतो, पण त्यात शिसं आणि कॅडमियम असतं. पिण्याच्या पाण्याच्या नळीत तो नकोच.

तुमचे पिचकलेले दोन तुकडे तुम्ही ठेवले असतील. घडी पडलेला पाइप आतून गोळी ठोकून गोल करता येतो का, असं विचारतात. नुसता चपटा झाला असेल तर आतून पोलादी गोळी ढकलून बऱ्यापैकी गोल होतो. घडीची धार पडली असेल तर तिथली भिंत मोडलेली आहे, ती बाहेर आली तरी पुढे तडकते. गॅसची, ब्रेकची किंवा दाबाची नळी असेल तर प्रश्नच नाही, नवी घ्या. तुमच्या तुकड्यांचे सरळ भाग कापून ठेवा. चकतीवर पहिला हात बसेपर्यंत दोन-तीन चाचण्या कराव्या लागतील, त्याला ते पुरतील. पहिली चाचणी रिकाम्या पाइपवर करा. त्यात आतली कड सपाट झालेली दिसली तर वाळू भरायच्या आधी चकतीची खाच आणि बाहेरून दाबणारा ठोकळा तपासा.